जुनी मॅटाडोर बंद पडते तेव्हा

राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे १९६५च्या युद्धात लष्करी ट्रक चालवत होते. ट्रक असो वा टेम्पो, चालकाला इंजिनाची जाण हवीच. जुन्या गाडीवाल्याला तर जास्तच.

आकुर्डीच्या बजाज टेम्पो कारखान्यातली तुमची डिझेल मॅटाडोर राळेगणच्या वाटेवर वाडेगव्हाण फाट्याजवळ आचके देत बंद पडली, तर नुसता स्टार्टर मारत बसू नका, बॅटरी उतरेल. गाडी कडेला घ्या, हँडब्रेक ओढा. आधी टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि मग गाडी नीट चालली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय. तसं नसेल तर डिझेल फिल्टर पाहा. तळाशी पाणी साचलं असेल तर काढून टाका. मग फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून फीड पंपाचा हातपंप मारा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा. लाइन पुन्हा पुन्हा हवा धरत असेल, तर पाइपाचे जोड आणि तांब्याचे वॉशर तपासा. काळा धूर येत असेल तर एअर क्लीनर धुळीने भरलेला असू शकतो.

फिल्टर वेळेवर बदला आणि पाने, जादा वॉशर गाडीत ठेवाच.