कानशीने लिहिलेली अक्षरे



लाकडात पटाशीने कोरल्यासारखी दिसणारी जाडजूड रोमन अक्षरे आपण जाहिरातींवर पुष्कळदा पाहिली असतील. १९९३ सालच्या ‘ज्युरासिक पार्क’ या चित्रपटाच्या नावाची अक्षरे त्याच कुळातली. त्यांचे मूळ शोधत गेलो तर लाकूड कोठेच सापडत नाही. सापडते ते पोलाद.

जर्मनीतील ऑफेनबाख गावी क्लिंगस्पोर बंधूंचा छपाईचे खिळे ओतण्याचा कारखाना होता. तेथे १९०६ पासून काम करणाऱ्या रुडॉल्फ कॉख यांनी १९२३ मध्ये ‘नॉयलांड’, म्हणजे नवभूमी, या नावाचा टंक सिद्ध केला, तोच या अक्षरांच्या कुळाचा मूळपुरुष. अक्षराचा आराखडा प्रथम कागदावर रेखाटावा, मालकाची मंजुरी घ्यावी आणि मग कसबी कारागिराने त्याबरहुकूम पोलादी ठसा कापावा, हा त्या धंद्यातला रूढ दस्तुर. परंतु कॉख यांनी आराखडा बाजूला सारला आणि स्वतःच पोलादाला हात घातला.

ठसा म्हणजे पोलादाच्या कांडीच्या टोकावर कानशीने घासून उभारलेले उलटे अक्षर. तो तांब्यात ठोकला की साचा होतो, आणि साच्यात शिशाचा मिश्रधातू ओतला की खिळा. लेखणी अक्षर वाढवीत नेते. कानस मात्र जे अक्षर नाही तेवढेच काढून टाकते, आणि एकदा काढलेला कण परत बसविता येत नाही. म्हणूनच नॉयलांडच्या जाड रेघा, त्यांच्यामध्ये कोंडलेली चिंचोळी पांढरी जागा आणि किंचित चुकार कडा हे वरून चढविलेले अलंकरण नव्हे, ती हत्याराने मागे ठेवलेली साक्ष होय.

आपल्याकडे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी देवनागरीचे ठसे कापले, तेव्हा कानशीची खूण वाचकाच्या दृष्टीस पडू नये यातच कारागिरीची शर्थ होती. कारण ती अक्षरे पोथ्यांच्या पानोपानी वाचावयाची होती. कॉख यांचा टंक मथळ्यांचा, केवळ कॅपिटल अक्षरांचा. त्याला ती खूण मिरविणे शोभले. दोन्ही हात सारखेच प्रामाणिक, प्रयोजने मात्र भिन्न.

एका मापाचे सगळे ‘ए’ एकाच ठशाची लेकरे, म्हणून ते एकसारखे. पण दर मापासाठी कॉख नव्याने कापावयास बसत, त्यामुळे लहान मापातला ‘ए’ आणि मोठ्या मापातला ‘ए’ ही सख्खी भावंडे खरी, जुळी नव्हेत. आज संगणकावर एकच आकृती पत्रिकेपासून फलकापर्यंत ताणली जाते, आणि पत्रिकेवर केसाएवढा असलेला कंगोरा फलकावर वीतभर होतो. वीतभर कंगोरा ठेवावा की नाही, हे मात्र तेथे कोणी ठरविलेले नसते. कॉख यांनी ते दर मापाला ठरविले होते.