अर्ज स्वतःचा, आधार कामाचा
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



आपल्या समाजातील मुले-मुली आज पीएच.डी. होऊन अमेरिकेत संशोधन करतात, याचा आपल्याला रास्त अभिमान वाटतो. तेथे कायम राहण्याचा प्रश्न निघाला, की घरोघरी एकच सल्ला ऐकू येतो : "चांगली नोकरी धर, मालक ग्रीन कार्ड करून देईल." हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. मालकाने केलेला अर्ज मालकाच्या हाती असतो. विद्वानांना मालकाविना स्वतःच अर्ज करण्याच्या दोन वाटा तेथील कायद्यात आहेत. त्यांतून निवड कशी करावी, एवढेच मला आज सांगायचे आहे.

पहिली वाट असामान्य गुणवत्तेची. तिला ईबी-१ए म्हणतात. १९९० च्या कायद्याने ती खुली झाली. नोबेलच्या तोडीचे पारितोषिक नसेल, तर दहा निकषांपैकी किमान तीन पूर्ण करावे लागतात. प्राध्यापकाला जवळचे निकष म्हणजे शोधनिबंध, इतरांच्या लेखनाचे परीक्षण आणि आपल्या विषयात घातलेली मोलाची नवी भर. एवढ्यावर भागत नाही. अर्जदार आपल्या क्षेत्रातील मोजक्या अग्रणींपैकी आहे काय, हे सर्व पुरावा एकत्र पाहून ठरविले जाते. २०१० च्या काझारियन निकालात एका भौतिकशास्त्रज्ञाचे लेखन व परीक्षण हे दोन निकष मान्य झाले, तिसरा सिद्ध झाला नाही आणि अर्ज नामंजूरच राहिला. प्राध्यापकांची शिफारसपत्रे होती, पण ती पुरेशी ठरली नाहीत.

दुसरी वाट राष्ट्रीय हिताच्या सवलतीची. ही ईबी-२ या वर्गात मोडते व उच्च पदवीधरांना खुली आहे. २०१६ च्या धनसर निर्णयाने येथे तीन प्रश्न ठरवून दिले. तुमच्या नियोजित कामाला मोल व राष्ट्रीय महत्त्व आहे काय? ते पुढे नेण्यास तुम्ही समर्थ आहात काय? आणि नोकरीची अट माफ करण्यात देशाचे हित आहे काय? त्या प्रकरणातील अर्जदार विमान-अंतराळ अभियांत्रिकीचा संशोधक होता. त्याचा अर्ज मंजूर झाला. पहिल्या वाटेवर मिळविलेले स्थान तोलले जाते, दुसरीवर पुढच्या कामाला अधिक वजन असते.

मग दुसरीच सोपी, असे तुम्ही म्हणाल. पण आता रांगेचा विचार करा. नोकरी व गुणवत्तेवर आधारलेले व्हिसा वर्षाला सुमारे १,४०,००० असतात आणि पती-पत्नी व मुलेही त्याच आकड्यात मोजली जातात. एका देशाचा वाटा सामान्यतः ७ टक्के. हा देश जन्माचा धरतात, नागरिकत्वाचा नव्हे. म्हणून भारतात जन्मलेल्यांची ईबी-२ ची रांग दहा वर्षांहून लांब झाली आहे. पहिल्या वर्गातही रांग आहे, पण बरीच आखूड. पालकांनो, हा केवळ कागदाचा प्रश्न नाही. मुलगा किंवा मुलगी २१ वर्षांची झाली, की कायद्यातील थोडी सवलत सोडल्यास ती आई-वडिलांच्या अर्जातून बाहेर पडते. आज पाळण्यात असलेल्या नातवंडांचे भवितव्य या रांगेशी जोडलेले आहे.

यातून मार्ग आहे. दोन्ही अर्ज करण्यास मनाई नाही. दुसऱ्या वाटेचा अर्ज मंजूर झाला, की त्याची दाखल-तारीख पुढे पहिल्या वाटेच्या मंजूर अर्जालाही लागू होते. तेव्हा ज्याचे काम अजून वाढते आहे, त्याने राष्ट्रीय हिताचा अर्ज लवकर करून रांगेत जागा धरावी आणि नाव झाल्यावर असामान्य गुणवत्तेचा अर्ज करावा. ज्याची कीर्ती आजच सिद्ध आहे, त्याने पहिल्या वाटेला बिचकू नये. मात्र अर्ज मंजूर होणे म्हणजे ग्रीन कार्ड हाती येणे नव्हे, हे विसरू नका.

विद्यार्थी मित्रांनो, या अर्जाची तयारी वकिलाच्या कचेरीत होत नाही. ती आजपासून होते. परीक्षणाची पत्रे जपा. तुमच्या निबंधाचा आधार कोणी कशासाठी घेतला, त्याची नोंद ठेवा. जे केले नाही ते कागदावर आणू नका, कारण एक खोटा दाखला साऱ्या खऱ्या दाखल्यांना बुडवितो. मालकाची शिफारस नसलेल्या अर्जात तुमचे कामच तुमची शिफारस करते. ते भक्कम करा.