जकात गेली, कर कुणाचा?



पूर्वी शहराच्या वेशीवर आपली गाडी अडायची. जकात भरा, मग आत चला! आपल्या राज्यातले ते नाके एकेक करून गेले. मुंबईचे सर्वांत शेवटी. १ जुलै २०१७ ला देशभर जी.एस.टी. आला. राज्यांचा विक्रीकर नि केंद्राचेही कित्येक कर त्यात मिसळले.

आपला देश म्हणजे राज्यांचा संघ. कर ही राज्याची शिदोरी. ती दिल्लीच्या हाती गेली, तर राज्याने दवाखाने कशावर चालवायचे? म्हणून दर ठरवायला केंद्र व राज्ये यांची एक परिषद आहे. समजा, तिथे एकूण बारा मते आहेत. त्यांतली चार केंद्राची, आठ सगळ्या राज्यांची मिळून. ठराव व्हायला नऊ लागतात. आता मोजा बरे! एकट्या केंद्राला जमत नाही, नुसत्या राज्यांनाही नाही. शिवाय महाराष्ट्राचे मत गोव्याच्या मताएवढेच. हे आपल्याला जरा टोचते खरे!

पहिली पाच वर्षे राज्यांची तूट केंद्राने भरून द्यायची होती. २०२० साली करोना आला, पैसा आटला, वाद झाला. शेवटी केंद्राने कर्ज काढून राज्यांना दिले. ती भरपाई जून २०२२ मध्ये संपली. पेट्रोल, डिझेल नि दारू मात्र या करात आलेली नाहीत. तेवढी किल्ली राज्यांच्या कनवटीला आहे.