गाणारा जेव्हा खुर्चीवर बसतो



संयोजकांनी दोन शब्द बोलायला सांगितले, विषय मात्र माझ्यावर सोडला. निवडणुका आल्या की एखाद्या गायकाच्या उमेदवारीची बातमी येते आणि आपण म्हणतो, ‘चांगलं गात होता, कशाला तिकडे गेला?’ या प्रश्नाचा विचार करताना मला ऑस्ट्रेलियाचे पीटर गॅरेट आठवतात.

‘मिडनाइट ऑइल’ या रॉक बँडचे ते मुख्य गायक. शिक्षणाने कायद्याचे पदवीधर. त्यांचे १९८७ सालचे ‘बेड्स आर बर्निंग’ हे गाणे जगभर गाजले. मूळ रहिवाशांची जमीन त्यांना परत करा, हा त्याचा आशय. अण्वस्त्रे आणि युरेनियमच्या खाणी यांनाही त्यांचा कडवा विरोध. १९८४ मध्ये अण्वस्त्रविरोधी पक्षातर्फे ते सिनेटच्या निवडणुकीला उभे राहिले आणि थोडक्यात हरले. पुढे एका मोठ्या पर्यावरण संस्थेचे अनेक वर्षे अध्यक्ष होते. म्हणजे नुसत्या प्रसिद्धीवर तिकीट मिळवणाऱ्यांतले ते नव्हेत.

२००० साली सिडनी ऑलिंपिकच्या समारोपात हा बँड काळ्या कपड्यांवर ‘सॉरी’ लिहून गायला. मूळ रहिवाशांची मुले आईबापांपासून तोडून नेली गेली होती, त्याबद्दलची ती माफी. सरकारतर्फे अशी माफी मागायला तयार नसलेले पंतप्रधान त्या वेळी स्टेडियममध्येच होते. २००४ मध्ये गॅरेट मजूर पक्षातर्फे संसदेत गेले, २००७ मध्ये पर्यावरणमंत्री झाले आणि फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांच्याच सरकारने संसदेत ती माफी मागितली.

इथे थांबलो तर ही गोष्ट फार गोड होईल. पण २००९ मध्ये याच गॅरेट यांनी एका नव्या युरेनियम खाणीला मंजुरी दिली. पक्षाचे धोरण ठरले होते आणि सही मंत्र्याची लागत होती. जुने चाहते संतापले. त्याच वर्षी क्वीन्सलँडमधील मेरी नदीवरचे मोठे धरण मात्र त्यांनी नाकारले, कारण त्या नदीतले दुर्मीळ मासे आणि कासवे धोक्यात येणार होती. घरांच्या छतांत उष्णतारोधक थर बसवण्याची सरकारी योजनाही त्यांच्याच खात्याकडे होती. त्या कामात चार तरुण कामगारांचा जीव गेला आणि २०१० मध्ये ती जबाबदारी त्यांच्याकडून काढून घेण्यात आली. २०१३ मध्ये त्यांनी राजकारण सोडले आणि पुढे ते पुन्हा बँडबरोबर गाऊ लागले.

मित्रहो, मग हा माणूस बदलला, की त्याची जागा बदलली? मला वाटते, जागा बदलली. गाण्यात ‘नाही’ म्हटले की ते पूर्ण ‘नाही’ असते. मंत्रिमंडळात ते दहा जणांत वाटून घ्यावे लागते. गायकाचा सूर चुकला तर मैफल बिघडते, मंत्र्याच्या खात्यात चूक झाली तर माणसे मरतात. टाळ्यांची सवय झालेल्याला हे पचवणे सोपे नाही. पण मेरी नदी वाचली ती गाण्याने नव्हे, सहीने, हेही खरेच.

आपल्याकडे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेख, अण्णा भाऊ साठे, द. ना. गव्हाणकर या शाहिरांनी रान उठवले. १ मे १९६० ला राज्य आले, पण ते चालवायला बसले दुसरेच. शाहिरांचा आवाज मात्र कुणाच्या सहीला बांधलेला राहिला नाही. समाजाला दोन्ही लागतात, बाहेरून ठणकावून गाणारा आणि आत जाऊन सही करणारा. एकाच माणसाने एकाच वेळी दोन्ही करावे, ही आपली अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून एखादा कलावंत मत मागायला आला तर ‘गाणे कसे गातोस’ हे विचारू नका, ते आपल्याला ठाऊक असते. विचारा, ‘पक्षाने तुझ्या गाण्याविरुद्ध सही करायला सांगितली तर काय करशील?’ आणि निवडून दिल्यावर दर वर्षी हिशेब मागा. आपल्यापैकीही काही जण सार्वजनिक कामात आहेत. त्यांनाही हाच प्रश्न विचारायचा हक्क एका बाकावर बसल्यामुळे आपल्याला मिळालेला आहे, तो वापरूया.