कोरकूंचा ज्ञानकोश कोरकूंनीच लिहावा

(पातूर येथे संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही कोणी विद्वान नाही. बी.ए. झालो, बँकेत कारकुनी करतो, एवढेच. तरी या विषयावर बोलायला उभे राहिलो त्याला कारण घडले. काही वर्षे आमची बदली मेळघाटात होती. एके दिवशी काउंटरवर एक म्हाताऱ्या कोरकू बाई आल्या. त्यांना पैसे काढायचे की ठेवायचे, हेच आम्हाला उमजेना. आम्ही मराठीत विचारत होतो, आणि त्यांना समजत नाही म्हणून तेच पुन्हा मोठ्याने विचारत होतो. शेवटी रांगेतल्या शाळकरी मुलीने उलगडा केला. नातवाची स्कॉलरशिप जमा झाली काय, एवढेच त्यांना पाहिजे होते. आमची आम्हालाच लाज वाटली. आपल्याच जिल्ह्याला लागून असलेल्या माणसांच्या भाषेतला एक शब्द आम्हाला येत नव्हता.

२०११ च्या जनगणनेत ७,२७,१३३ लोकांनी कोरकू ही मातृभाषा सांगितली. ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली, म्हणजे झारखंडच्या संतालीची नातलग. मराठीत एकवचन आणि अनेकवचन असते. कोरकूत दोघांसाठी आणखी वेगळे रूप आहे. ‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘कोरकू’ म्हणजे माणसे. ग्रियर्सन साहेबांनी १९०६ मध्ये या भाषेची नोंद केली, १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांनी या समाजावर लिहिले. पण ते सारे इंग्रजीत, आणि इतरांनी लिहिलेले.

आता संतालीकडे पहा. २ ऑगस्ट २०१८ रोजी संताली विकिपीडिया स्वतंत्रपणे सुरू झाला. इंटरनेटवरचा हा ज्ञानकोश कोणालाही फुकट वाचता येतो, लिहिता येतो. नव्या भाषेला आधी ‘इन्क्युबेटर’ नावाच्या जागी, रोपवाटिकेसारखे, वाढावे लागते. काही मंडळींनी महिनोन्महिने नियमित लेख लिहायचे, बटणांवरचे शब्द आपल्या भाषेत करायचे, मग समिती स्वतंत्र जागा देते. संतालीची तयारी जुनी होती. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये ओल चिकी लिपी दिली, २००३ च्या घटनादुरुस्तीने भाषा आठव्या अनुसूचीत आली. कोरकूला ते पाठबळ नाही. मात्र कोरकू बाळबोध लिपीत लिहिता येते, म्हणजे साध्या मोबाईलवरही काम सुरू होऊ शकते.

येथे आमच्यासारख्या उत्साही माणसांपासूनच सावध राहावे लागेल. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियात एका अमेरिकन मुलाने ती भाषा न येता हजारो लेख लिहिले, आणि २०२० मध्ये ते उघडकीस येईपर्यंत लोक त्यालाच स्कॉट्स समजत होते. मराठी लेख यंत्रात घालून कोरकू काढली, तर मेळघाटात तेच होईल.

खरी अडचण निराळीच आहे. विकिपीडियाला प्रसिद्ध झालेला आधार लागतो. सिडोलीच्या वेळी मृतांच्या आठवणीसाठी कोरीव लाकडी खांब का उभारतात, हे गावातला म्हातारा सांगेल, पण त्याचे सांगणे आधार म्हणून चालत नाही. हा नियम थापा रोखण्यासाठी आहे, वाईट नाही. पण ज्यांचे छापलेच गेले नाही त्यांनी काय करावे? म्हणून आमची विनंती आहे की आपल्या स्मरणिकेत दरवर्षी चार पाने कोरकूला द्यावीत. सांगणाऱ्याच्या संमतीने ऐकून घ्यावे, कोरकू विद्यार्थ्यांनी लिहावे, जाणत्यांनी तपासावे, मग छापावे. बाबासाहेबांनी एवढ्या व्यापात पाली शब्दकोशाचे काम केले. ते १९९८ मध्ये त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात छापून आले. छापायला उशीर झाला खरा, पण कागद जपून ठेवलेले होते म्हणूनच ते झाले.

मेळघाटातले किंवा अकोट-तेल्हाऱ्याकडचे कोरकू विद्यार्थी येथे असतील, तर त्यांनी भेटावे. टायपिंग आम्हाला येते, रविवार मोकळा असतो. पहिला लेख कशावर घ्यायचा, ते मात्र आम्ही सुचवणार नाही. सभा संपल्यावर आम्ही दाराजवळच थांबतो. जयभीम.