शस्त्रक्रियेनंतरचे बेचाळीस दिवस

(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा मजकूर)



पोटाची शस्त्रक्रिया होऊन घरी परतलेल्या स्त्रीविषयी राजकीय शिबिरात बोलणे काहींना चमत्कारिक वाटेल. शस्त्रक्रिया हा डॉक्टरांचा विषय, त्यानंतरची शुश्रूषा हा घरातील बायकांचा विषय, आणि पक्षाचा विषय म्हणजे मजुरी, ऊसदर आणि कर्ज, अशी वाटणी मनात घट्ट बसलेली आहे. पाण्याविषयीही एके काळी असेच समजले जात असे. गोरेगावच्या पाण्यासाठी मृणाल गोरे झगडल्या तेव्हा रिकामा हंडा हासुद्धा राजकारणाचा विषय आहे, हे पुष्कळ पुढाऱ्यांच्या प्रथमच ध्यानात आले. १९७२ च्या महागाईविरोधी लढ्यात स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा स्वयंपाकघर आणि सचिवालय यांतील अंतर किती थोडे आहे ते दिसले. आजारी बाईची वाकळ मात्र अजून घराच्या कोपऱ्यातच पडून आहे.

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांची गर्भाशये फार मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचा बोभाटा झाला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ज्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांकडे चौकशी करण्यात आली, त्यांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. म्हणजे सहा बायकांत एक. साऱ्या देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले म्हणजे बीडच्या आकड्याचा अर्थ उमगतो. कारणेही उघड झाली. फडात एक दिवस खाडा झाला तर दंड. पाळीच्या दिवसांत सुटी नाही. पालावर न्हाणी नाही, संडास नाही. त्यातून जडणारे अंगावरचे आजार. आणि ते घेऊन बाई खासगी दवाखान्यात गेली की ‘पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल’ हे भयप्रद वाक्य. पुढे जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी आवश्यक करण्यात आली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी स्वीकारावीत, असा आदेश दिला.

हे सारे आवश्यकच होते. पिशवी का काढली, हा प्रश्न विचारलाच पाहिजे होता. परंतु त्याला लागूनच असलेला दुसरा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही: पिशवी काढल्यावर ती बाई घरी कशी राहिली? तिची चूल कोणी पेटवली? तिने पहिला हंडा कितव्या दिवशी उचलला?

अशी एक बाई डोळ्यांपुढे आणावी. वय बत्तीस. तीन मुले, थोरली तेरा वर्षांची, धाकटा दोन वर्षांचा. सासू आहे, पण तिच्या गुडघ्यांनी तिला केव्हाच दगा दिला आहे. पावसाळ्यात शस्त्रक्रिया उरकली, कारण दसऱ्यानंतर टोळी निघायची असते. पैसे आले कोठून? मुकादमाकडून, पुढच्या हंगामाच्या उचलीतून. म्हणजे ज्या श्रमांनी शरीर मोडले, तेच श्रम आगाऊ विकून शरीराची दुरुस्ती केली गेली. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बायको फडात आली नाही तर तो अर्धा कोयता होतो आणि उचल अंगावर राहते. म्हणून ती बरी झाली की नाही हे डॉक्टर ठरवत नाही, तिथी ठरवते.

आठव्या-दहाव्या दिवशी टाके निघतात. घराच्या दृष्टीने त्या दिवशी शस्त्रक्रिया संपली. ‘टाके निघाले ना, मग आता काय?’ असे म्हणणारे लोक दुष्ट नसतात. त्यांना वरची कातडी दिसते, ती जुळलेली असते. तिच्या खाली पोटाचा भार पेलणारा चिवट पडदा असतो, तोही कापून पुन्हा शिवलेला असतो, आणि त्याला बळ यायला आठवडे नव्हे, महिने लागतात. पोट उघडून गर्भाशय काढलेल्या स्त्रीने साधारण सहा आठवडे जड उचलू नये, असे डॉक्टर सांगतात ते यासाठी. तो पडदा पुन्हा उसवला तर व्रणाच्या जागी आतडे बाहेर ढकलले जाते, हर्निया होतो, आणि दुसरी शस्त्रक्रिया पदरी येते. डॉक्टर ‘जड उचलू नका’ म्हणतात. परंतु जड म्हणजे काय, हे घराच्या भाषेत कोणी सांगत नाही. पंधरा लिटरांचा हंडा भरला की पाण्याचेच वजन पंधरा किलो. दोन वर्षांचे मूल दहा-बारा किलोंचे. ओल्या लुगड्यांची बादली, जळणाचा भारा, दळणाचे पोते यांतले हलके काय आहे?

चुलीची गोष्ट तर आणखी निराळी. ताज्या शिवणीला खोकला हा शत्रू. रुग्णालयात परिचारिका सांगते की खोकला आला तर पोटाशी उशी धरा, उठताना सरळ उठू नका, कुशीवर वळून हाताचा आधार घ्या. घरी आल्यावर बाई उकिडवी बसून चुलीत फुंकर घालते, धूर छातीत जातो, आणि प्रत्येक ढासेबरोबर पोटात कळ उठते. धाकट्याला काही कळत नाही. आईने उचलून घेतले नाही की तो पदर ओढतो, रडतो, आणि शेवटी ती उचलतेच. वैद्यकाच्या पुस्तकात हे कलम नाही. रडते मूल किती वेळ रडू द्यावे याचे प्रमाण कोणी लिहून दिलेले नाही.

आणि थोरली? ती पहिल्याच आठवड्यात शाळेत जायची थांबते. हंडा तिच्या डोक्यावर येतो, भाकरी तिच्या हाती येते. हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडत जाते, आणि त्या खुणेचे कारण आईच्या पोटावरचा व्रण हे आहे, असे कोणत्याही अहवालात नमूद होत नाही. महिन्याभराने ती शाळेत परतली तर नशीब. पुष्कळदा आई-बाप फडावर निघतात तेव्हा धाकट्याला सांभाळायला तिलाच सोबत नेले जाते.

यात एक विलक्षण विसंगती आहे. याच समाजाने विश्रांतीची एक पक्की संस्था शतकानुशतके चालवली आहे. बाळंतिणीला सव्वा महिना. तिने माहेरी जावे, आईने तेल लावावे, शेक द्यावा, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू करावेत, तिला गार पाण्यात हात घालू देऊ नये. हे सर्व कोणी कायदा न करता चालत आले. त्या संस्थेत विटाळाची घाण मिसळलेली होती, आणि रोजावर जगणाऱ्या दलित-भूमिहीन घरात ती कधी पुरती पोचलीच नाही, हेही खरे. तथापि बाईच्या शरीराला काळ द्यावा लागतो, हे तीत मान्य होते. मूल झाले तर बाईची विश्रांती वंशासाठी असते, म्हणून ती मिळते. पिशवी काढली तर ती केवळ बाईसाठी असते. तिच्यासाठी माहेरचे बोलावणे येत नाही, लाडू वळले जात नाहीत. वास्तविक अंडाशयेही काढली गेली असतील, तर तिशीतल्या बाईवर एका दिवसात पाळी जाण्याची अवस्था येते. अंगाची आग, झोप उडणे, पुढे हाडे ठिसूळ होणे हे तिच्या वाट्याला येते. घरात त्याला ‘चिडचिडी झाली’ असे नाव पडते.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देते आणि घरकाम करणारा पुरुष ८८. ही जवळपास पाच तासांची मजुरी कोणत्याही मस्टरवर नाही. जे काम कामच गणले जात नाही त्यातून आजारपणाची रजा कोठून मिळणार? बाई अंथरुणाला खिळली तेव्हाच ते काम होते, हे घराला कळते. आणि तेव्हाही ते दुसऱ्या बाईकडेच सरकते. सासू, जाऊ, नणंद, लेक, अशा उतरंडीने.

कारखान्यातील कामगाराच्या बाबतीत राज्यसत्तेने हे तत्त्व केव्हाच मान्य केले. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने आजारी कामगाराला काम न करताही पैसे मिळण्याची सोय केली, आणि ती पुढे वर्षातील ९१ दिवसांपर्यंत, वेतनाच्या ७० टक्के, इथवर आली. म्हणजे शरीर भरून येण्याचा काळ हा मजुरीचाच भाग आहे, हे कायद्याने स्वीकारले. मग साखर कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत ऊस पोचवणाऱ्या स्त्रीला ते का लागू नाही? कारण ती कारखान्याची कामगारच नाही, ती मुकादमाची, आणि मुकादमाच्या वहीतही बहुधा नवऱ्याचेच नाव. सरकारी आरोग्य योजना शस्त्रक्रियेचे पैसे देतात, घरी सोडल्यावर काही दिवसांची औषधे देतात. पैसे रुग्णालयाला जातात. बरे होणे म्हणजे गोळ्या, असा योजनेचा हिशेब आहे. बुडालेली मजुरी, न उचललेला हंडा आणि शाळा चुकलेली मुलगी त्या हिशेबात बसत नाहीत.

हे अशक्यप्राय स्वप्न नव्हे. आंध्र प्रदेशात डिसेंबर २०१९ मध्ये सरकारी आरोग्य योजनेखाली शस्त्रक्रिया झालेल्या गरीब रुग्णाला घरी विश्रांतीच्या काळात दिवसाला २२५ रुपये, महिन्याला पाच हजारांच्या मर्यादेत, देण्याची योजना सुरू झाली. सत्तेवर कोणता पक्ष होता हा मुद्दा गौण आहे. विश्रांतीला रोज असतो, हे एका राज्याच्या तिजोरीने कबूल केले, हे महत्त्वाचे. जर्मनीत याहून पुढची पायरी आहे. शस्त्रक्रियेनंतर घर सांभाळणे अशक्य असेल आणि घरात दुसरे कोणी ते करणारे नसेल, तर तेथील सक्तीचा आजारविमा घरकामाला माणूस पुरवतो. घरात बारा वर्षांखालील मूल असेल तर ही मदत सव्वीस आठवड्यांपर्यंत मिळू शकते. या विम्याचा पाया १८८३ साली बिस्मार्कने घातला, आणि तोही समाजवाद्यांच्या पायाखालची वाळू काढून घेण्यासाठी. समाजवाद्यांच्या धाकाने तेथे जे मिळाले, ते येथील समाजवाद्यांनी अजून नीट मागितलेलेही नाही.

पैसा कोठून आणावा, असे विचारले जाईल. महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्याने मालकांकडून हिस्सा गोळा करून हमालांना संरक्षण देण्याची वाट पाडलेली आहे. ऊसतोड कामगारांसाठी स्थापन झालेल्या गोपीनाथ मुंडे महामंडळासाठीही गाळपाच्या दर टनामागे कारखान्यांनी दहा रुपये आणि तितकेच शासनाने द्यावेत, असे ठरले. दहा कोटी टनांचा हंगाम धरला तर ही रक्कम दोनशे कोटींची होते. आता दुसरी बाजू मांडून पाहावी. बेचाळीस दिवसांना दररोज चारशे रुपये म्हणजे एका बाईचे १६,८०० रुपये. वर्षाला दहा हजार ऊसतोड स्त्रियांना, मग शस्त्रक्रिया गर्भाशयाची असो, सिझेरियनची असो वा कुटुंबनियोजनाची, ते द्यायचे ठरले तरी सतरा कोटींच्या आत काम भागते.

अशी मजुरी मिळाली तर बायका तिच्यासाठीच पोट कापून घेतील, असा आक्षेप येणारच. खाडा केल्यास दंड होतो म्हणून पोट कापून घेतले गेले, ही वस्तुस्थिती तो घेणारे विसरतात. विश्रांतीची मजुरी आणि पाळीच्या दिवसांतील दंडाची बंदी या जोडमागण्या आहेत. पहिलीवाचून दुसरी लंगडी आणि दुसरीवाचून पहिली धोक्याची.

पैशाने हंडा आपोआप उचलला जात नाही, ही अडचण मात्र खरी आहे. हे काम आशा सेविकेवर टाकावे, अशी सूचना लगेच पुढे येते. तिच्या डोक्यावर आधीच किती ओझे आहे आणि त्याचा मोबदला केवढा आहे, हे तिच्या मोर्च्यांत पाहिलेले आहे. गावातीलच एखाद्या गरजू बाईला किंवा पुरुषाला ठरलेल्या रोजाने सहा आठवडे त्या घरी नेमावे. पाणी, जळण, दळण, मुलांचे जेवण. हे रोजगार हमीच्या परंपरेला शोभणारे काम आहे. पुरुषाला नेमण्याच्या कल्पनेवर सभेत हशा पिकेल. तो पिकू द्यावा.

हशाचा विषय निघालाच आहे तर कार्यकर्त्याच्या घराकडेही पाहावे लागेल. बैठक त्याच्या ओटीवर भरते. विषय असतो असंघटितांची सामाजिक सुरक्षा. आतून चहा येतो, दोनदा येतो, आणि तो आणणारी बाई तीन आठवड्यांपूर्वी शस्त्रक्रिया झालेली असते. बैठकीतील कोणालाही ते ठाऊक नसते. कार्यकर्त्याला ठाऊक असते, पण आलेल्या माणसांना चहा नाही म्हणायचा कसा, हा त्याच्यापुढचा प्रश्न असतो. ती मात्र एका हाताने पोट दाबून उंबरठा ओलांडते.

टोळ्या दसऱ्यानंतर निघतात. त्यापूर्वी तांड्या-वस्त्यांवर प्रत्येक घरी जाऊन तीन गोष्टी वहीत नोंदवता येतील: या वर्षी पोटाची शस्त्रक्रिया कोणाकोणाची झाली, तिने कितव्या दिवशी पाणी भरले, आणि त्या काळात घरातील कोणते मूल शाळेबाहेर राहिले. ज्या बाईचे बेचाळीस दिवस पुरे झालेले नाहीत तिला फडावर न्यायचे नाही, आणि तिच्या नवऱ्याचा अर्धा कोयता धरून उचल फेडायला पुढच्या हंगामापर्यंत मुदत द्यायची, एवढे मुकादमांकडून त्या-त्या गावी लेखी घ्यावे. कोणी देईल, कोणी देणार नाही. न देणाऱ्यांची यादी आणि ती वही घेऊन गाळप सुरू होण्याच्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर जायचे आहे. त्या दिवशीच्या बैठकीचा चहा कोणी करायचा, तेही त्याच वहीत लिहून ठेवावे.