मथळ्यातून वगळलेली मुलगी

(स्वारगेट येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजच्या व्याख्यानाचा विषय ‘अमेरिकेतील धर्माचे राजकारण आणि वृत्तपत्रे’ असा ठेवलेला पाहून तुमच्यापैकी काहींच्या मनात साहजिकच प्रश्न आला असेल, की सकाळच्या एस.टी.ने सातारा-सासवडकडून येऊन येथे बसलेल्या कार्यकर्त्यांना त्या दूरच्या देशातील पाद्र्यांशी काय कर्तव्य? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की अमेरिकेत गेल्या पन्नास वर्षांत जे घडले, त्याचा पहिला पाठ आपल्या पुण्याने त्याच्या किती तरी आधी गिरविलेला आहे. हा पाठ आपण विसरलो आणि म्हणून तो परदेशातून नव्याने वाचण्याची पाळी आपल्यावर आली.

मला सांगावयाचे आहे ते थोडक्यात एवढेच. धर्म संकटात असल्याची हाकाटी वृत्तपत्रांतून उठते तेव्हा बहुधा कोणत्या तरी एका जित्याजागत्या माणसाची साधी तक्रार त्या बातमीतून नाहीशी झालेली असते. ते माणूस कोण, हे शोधून काढणे हे कार्यकर्त्याचे पहिले काम होय.

अमेरिकेचे उदाहरण प्रथम घेऊ. १९७९ साली जेरी फॉलवेल या धर्मोपदेशकाने ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना काढली आणि दुसऱ्याच वर्षी रोनाल्ड रेगन यांच्या विजयात तिचा हातभार लागला. गर्भपाताला मुभा देणाऱ्या १९७३ च्या न्यायालयीन निर्णयाने धर्मनिष्ठांची मने पेटून उठली आणि त्यातून ही चळवळ जन्मली, असे सर्वत्र सांगितले जाते. कॅथॉलिकांचा गर्भपाताला असलेला विरोध जुना व प्रामाणिक होता, यात वाद नाही. परंतु ज्या इव्हँजेलिकल पंथीयांच्या बळावर ही नवी आघाडी उभी राहिली, त्यांच्यातील सर्वांत मोठ्या संस्थेने, सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने, १९७१ साली काही परिस्थितीत गर्भपाताला मुभा असावी असाच ठराव केला होता. मग ही मंडळी पेटली कशाने? रॅन्डल बाल्मर या धर्मेतिहासकाराने त्याचा माग काढला आहे आणि तो एका शाळेच्या दाराशी जाऊन थांबतो.

१९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. त्यानंतर दक्षिणेतील पुष्कळ गोऱ्या पालकांनी आपली मुले खासगी शाळांत घातली आणि यांतील अनेक शाळा चर्चच्या आश्रयाने चालत. काळ्या मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या शाळांना करसवलत मिळणार नाही, असे धोरण १९७० नंतर सरकारने व न्यायालयांनी घेतले. बॉब जोन्स विद्यापीठाची सवलत १९७६ साली गेली आणि १९८३ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती नाकारली. खरी ठिणगी येथे पडली, असे बाल्मर दाखवितात. पण ‘काळ्या मुलांना शाळेत न घेता आम्हांस करमाफी हवी’ या घोषणेवर देश जिंकता येत नाही. ‘सरकार आमच्या धर्मात ढवळाढवळ करीत आहे’ या घोषणेवर मात्र तो जिंकता येतो. शाळेच्या दाराबाहेर उभे असलेले काळे मूल मथळ्यातून गेले आणि त्याच्या जागी धर्मस्वातंत्र्य आले. गंमत अशी, की या आघाडीने ज्यांचा पराभव घडविण्यास हातभार लावला ते जिमी कार्टर स्वतः बॅप्टिस्ट असून चर्चमध्ये रविवारची शाळा चालवीत. तेव्हा भांडण श्रद्धेचे नव्हते, हे उघड आहे.

आता पुण्याकडे वळू. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी झाली. या खटल्याच्या निमित्ताने ‘पुणेवैभव’ या सनातनी पत्राने स्त्रीजातीच्या बिघडलेल्या नीतीबद्दल कोरडे ओढले. त्या विधवेला पुनर्विवाहाची बंदी कोणी केली, तिच्यावर ही वेळ आणणारा पुरुष कोठे होता, हे प्रश्न त्या चर्चेत नव्हते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ते विचारले. १८८२ साली पुण्यात छापलेली त्यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे एका अर्थाने वृत्तपत्राला दिलेले उत्तर आहे. त्या पुस्तकाचा समाचार घेण्यास पुढे आलेल्यांना जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मधून उत्तर दिले.

दहा वर्षांनी हेच मोठ्या प्रमाणावर घडले. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी नावाची, दहाहून थोडी मोठी मुलगी नवऱ्याने केलेल्या संभोगाने दगावली. त्या वेळच्या कायद्यात संमतीचे वय दहा वर्षे होते. म्हणून नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागू होऊ शकला नाही आणि दुसऱ्या कलमाखाली त्याला एका वर्षाची सक्तमजुरी झाली. हे वय दहावरून बारा करावे, एवढीच दुरुस्ती सुचविणारे विधेयक जानेवारी १८९१ मध्ये मांडले गेले व मार्चमध्ये संमत झाले. बारा वर्षे! आज ऐकतानाही मान खाली जाते. तरीही या दोन वर्षांच्या फरकावरून पुणे पेटले. गर्भाधानविधी ऋतुप्राप्तीनंतर लागलीच झाला पाहिजे, त्याआड कायदा आला तर धर्म बुडेल, असा शास्त्रार्थ पुढे आला. परक्या सरकारला आमच्या धर्मात हात घालण्याचा अधिकार काय, असा राष्ट्रीय युक्तिवाद त्याच्या जोडीला आला. ‘केसरी’ने ही बाजू घेतली. त्याच ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर १८८८ पासून ‘सुधारक’ चालवीत होते, त्यांनी विरुद्ध बाजू घेतली. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहण्याचा प्रसंग ज्या माणसावर पुण्याने आणला, तो हाच. महिनोन् महिने शास्त्र, परंपरा, सरकार, स्वराज्य यांवर रकाने भरून निघाले. या सर्व गदारोळात फुलमणी कोठे होती?

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. लोकमान्य टिळकांचा बालविवाहाला पाठिंबा होता असे समजणे चूक होईल. मुलींची लग्ने सोळा वर्षांच्या आत व मुलांची वीस वर्षांच्या आत करू नयेत, असा निर्बंध सुधारकांनी आधी स्वतःवर घालून घ्यावा, अशी सूचना त्यांनीच १८९० मध्ये केली होती. त्यांचा आक्षेप परकीय सत्तेच्या कायद्याला होता आणि त्यात राजकीय तत्त्व नव्हते असे कोण म्हणेल? पण वृत्तपत्राचा परिणाम संपादकाच्या मनातील हेतूवर अवलंबून नसतो. ज्यांना मुलीची दया नव्हती आणि स्वराज्याचीही फिकीर नव्हती, त्या सनातन्यांच्या हाती या लेखणीने बळ दिले. त्याचे फळ १८९५ च्या डिसेंबरात दिसले. पुण्याच्या काँग्रेस अधिवेशनाच्या मंडपात सामाजिक परिषद भरू द्यावयाची नाही, प्रसंगी मंडप जाळू, अशी भाषा झाली आणि न्यायमूर्ती रानडे यांना परिषद अन्यत्र न्यावी लागली. लोकांची भीती चेतविणे सोपे असते, ती नंतर आवरणे मोठ्या नेत्यालाही कठीण जाते.

अमेरिकेतील आजच्या प्रसारमाध्यमांची गोष्ट याहून हलक्या प्रतीची आहे. टिळकांशी त्यांची बरोबरी करणे हा टिळकांवर अन्याय होईल. तेथे वादग्रस्त प्रश्नाची दुसरी बाजूही श्रोत्यांपुढे ठेवावी, असा नियम नभोवाणी व दूरचित्रवाणी केंद्रांवर १९४९ पासून होता. रेगन यांच्या राजवटीत, १९८७ साली, तो रद्द झाला. पुढच्याच वर्षी रश लिंबॉ यांचा एकतर्फी कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला आणि १९९६ साली फॉक्स न्यूज ही वाहिनी निघाली. २०२० ची निवडणूक मतदानयंत्रांत फेरफार करून चोरली गेली, हा आरोप या वाहिनीवरून वारंवार ऐकविला गेला. यंत्रे बनविणाऱ्या डोमिनियन कंपनीने दावा लावला, तेव्हा वाहिनीतील मंडळींचे आपसांतील संदेश न्यायालयापुढे आले. आपण प्रेक्षकांना ऐकवीत आहो त्यावर त्यांच्यातील कित्येकांचा स्वतःचाच विश्वास नव्हता! खरे बोललो तर प्रेक्षक दुसऱ्या वाहिनीकडे जाईल, ही त्यांची धास्ती होती. एप्रिल २०२३ मध्ये ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन त्यांनी तडजोड केली. श्रद्धाळू माणसाला आपल्या बाजूचे म्हणून ज्यांनी जवळ केले, त्यांनी त्याला गिऱ्हाईक म्हणून वागविले. सनातनी प्रसारमाध्यमांविषयी संशय बाळगावयाचा तो या कारणासाठी.

हे सारे इतिहासजमा झाले असे मात्र समजू नका. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झगडत होते. त्या कायद्याच्या अनुसूचीत नरबळी, भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्काराच्या नावाने फसवणूक अशी बारा निश्चित कृत्ये आहेत. पूजा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना कायदा लागू नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. तरी कायदा धर्मविरोधी आहे, उद्या तुमची पूजाअर्चाही गुन्हा ठरेल, असा प्रचार अखेरपर्यंत चालला. मांत्रिकाच्या हातून मार खाणारी गरीब बाई त्या प्रचारात कोठेच नव्हती. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी याच शहरात दाभोलकरांची हत्या झाली. चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. मे २०२४ मध्ये न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली व तिघांना निर्दोष सोडले. मथळा किती महाग पडू शकतो, याचा हा हिशेब आहे.

मग आपण करावयाचे काय? आपल्यातील काही तरुण मित्रांना वाटते, की धर्माची टर उडविली म्हणजे सनातन्यांचा पराभव होतो. होत नाही. टर उडविली की सनातन्यांच्या म्हणण्याला पुरावाच मिळतो. ज्या चौकात आपण जमलो आहो, त्याला केशवराव जेधे यांचे नाव आहे. १९२५ साली जोतीरावांच्या पुतळ्याचा ठराव त्यांनी पुण्याच्या नगरपालिकेत मांडला आणि तो फेटाळला गेला. त्याच साली दिनकरराव जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ हे जहाल पुस्तक त्यांनी प्रसिद्ध केले. त्यावर खटला झाला आणि १९२६ साली अपिलात डॉ. आंबेडकरांनी वकिली करून सर्वांची सुटका करविली. पण ही मंडळी केवळ खटल्यांत रमली नाहीत. सत्यशोधकांनी जलसे केले, छत्रपती मेळा काढला, लोकांच्या सणांत लोकांच्याच बोलीत आपले म्हणणे मांडले. पुढे हेच जेधे स्वातंत्र्यलढ्यात उतरले. भटशाहीवर टीका करणारा देशाचा शत्रू असतो, या आरोपाला त्यांचे उभे आयुष्य हेच उत्तर होय. आणि मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून दहा दिवस उपोषण करणारे साने गुरुजी नास्तिक नव्हते. त्यांच्या उपोषणात भक्ती होती, म्हणूनच बंद दाराचा निषेध त्यांच्या तोंडी शोभला. आपला विरोध वारकऱ्याला नाही. वारकऱ्याच्या नावाने दुकान मांडणाऱ्याला आहे.

दुसरे काम अधिक कष्टाचे आहे. मथळ्यातून वगळलेल्या माणसाला मथळा मिळवून देणारी पत्रे चालली पाहिजेत. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ काढला. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईत चालविला आणि त्यातून गिरणी कामगारांचे गाऱ्हाणे मांडले. आठवड्याच्या सुटीसाठी त्यांनी दिलेल्या लढ्याला १८९० साली यश आले. ज्या काळात इतर पत्रांत शास्त्रार्थाचे वाद रंगले होते, त्या काळात या पत्रात कामगाराचा रविवार होता. वृत्तपत्र कशासाठी असते याचा याहून सोपा धडा मला ठाऊक नाही.

तेव्हा उद्यापासून कोणतेही पत्र हातात घ्या, भ्रमणध्वनीवर आलेला संदेश वाचा, आपल्या बाजूचा असला तरी वाचा, आणि तीन प्रश्न विचारा. धर्म बुडाला असे म्हणतात, तर नेमके कोणते कलम, कोणती शाळा, कोणते दार यावरून भांडण आहे? ते दार बंद राहिल्याने कोणाचा लाभ आहे? आणि त्या दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाचे नाव या बातमीत आहे काय? नसेल तर त्या माणसाच्या घरी जा, त्याचे म्हणणे ऐका आणि लिहून आमच्याकडे पाठवा. शुद्धलेखनाची काळजी करू नका. ते पाहण्यास संपादक आहेत.